चौदा किलो तीनशे ग्रॅमची तयारी

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

मावशीचा फोन. नऊ वर्षांनी. आईने उचलला आणि पहिली दोन मिनिटं दोघींपैकी कुणीच बोललं नाही. मला वाटलं लाइन खराब झाली, म्हणून मी वायर हलवून पाहिली. आईने हातावर फटका मारला.

मावशी म्हणाली म्हणे, मी सत्तरीची झाले, आता अजून किती रुसून बसायचं, बावीस तारखेला रविवारी जेवायला ये. आई म्हणाली, बघते. फोन ठेवला आणि धुतलेली भांडी काढून पुन्हा धुवायला लागली. म्हणजे जाणार.

दोघींचं भांडण आजीच्या शिवणयंत्रावरून. आईने ते मावशीकडे पाठवलं, तिथे पोचल्यावर ते चालेना. मावशी म्हणाली, मुद्दाम बिघडवून पाठवलंस. आई म्हणाली, तूच मोडलंस. एवढ्यावर नऊ वर्षं! यंत्रातलं काही कळत नसलं की माणसं अशी एकमेकांवर घसरतात.

आता जायचं कसं? मावशीचं गाव नव्वद किलोमीटर. आईला बस लागते. तिसरा थांबा यायच्या आत पिशवी मागते. ही म्हणाली, टॅक्सी करू. मी म्हटलं, टॅक्सीवाल्याकडे हत्यार काय असतं? एक जॅक. तोही मागच्या मालकाचा. आईला मी मोटरसायकलवरून नेणार. गाडी बारा वर्षांची आहे, पण माणूस तयारीचा असला की गाडीचं वय बघायचं नसतं.

ही म्हणाली, आणि वाटेत बंद पडली तर?

बरोबर. हाच मुद्दा. एकोणीस दिवस आहेत.

संकल्प : वाटेत जे काही बंद पडेल ते वाटेतच दुरुस्त करता आलं पाहिजे. कुणापुढे हात पसरायचा नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

यादी तयार. एक्केचाळीस नग. पाने आठपासून चोवीस नंबरपर्यंत, दोन्ही प्रकारचे. प्लगचा पाना. तीन पकडी : एक साधी, एक लांब नाकाची, एक या दोघींपैकी कुठली हरवली तर. स्क्रू-ड्रायव्हर सहा. हातोडी. पंक्चरचं सामान, टायर उचकटायच्या पट्ट्या, हवेचा पंप. मल्टिमीटर. शिवाय नट किती जोरात आवळला ते सांगणारा मोठा पाना. हा हातभर लांब आहे. नुसता धरला तरी माणूस ताठ उभा राहतो.

तराजूने विचारलं, तुझ्या गाडीत चोवीस नंबरचा नट आहे कुठे? तराजू म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा. कुठल्याच बाजूला झुकत नाही म्हणून हे नाव. मी म्हटलं, माझ्या गाडीत नसेल, पण वाटेत दुसऱ्या कुणाची बंद पडलेली असली तर? तो म्हणाला, तेही खरं, आणि हेही खरं. यातलं 'हे' कुठलं ते विचारायचं राहिलं.

आमचं ऑफिस वजनमापांचं. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त. सतरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे अंदाजपंचे काही करायची सवयच नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला यादी दाखवली. सल्ला हवा होता असं नाही, त्यालाही चार गोष्टी कळाव्यात म्हणून. हात पुसत पुसत त्याने यादी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, साहेब, एक प्लग, प्लगचा पाना, वीतभर तार आणि माझा नंबर. बाकीचं घरी ठेवा.

बोलणारच. लोक आपापल्या गाड्या दुरुस्त करायला लागले तर याने काय करायचं? समजूतदारपणे हसलो. नंबर घेतला नाही.

निघताना मागून ओरडला, आणि आधी न उघडता बघायचं साहेब! सगळं बाहेरून बघून झालं की मगच पाना!

घरीही हेच ऐकतो. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणूस न उघडता त्याच्या आत काय मोडलंय ते तिला दिसतं. त्यामुळे तिची समजूत झालीय की जगात काहीच उघडायची गरज नसते.

८ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी

पंक्चरचा सराव केला. माझी गाडी उद्या ऑफिसला लागणार, तेव्हा हिची सायकल घेतली. बैठकीच्या खोलीत सतरंजी पसरली. आईला घड्याळ देऊन वेळ लिहायला बसवलं.

चाक काढलं : ११ मिनिटं. उत्तम.

टायर काढलं : ३४ मिनिटं. पट्टी एकदा सटकली आणि कपाटाच्या काचेवर गेली. काच फुटलेली नाही. तडा आहे, पण तो जुना असू शकतो.

पंक्चर शोधलं : सापडेना. मग लक्षात आलं की पंक्चर नव्हतंच. एक केलं.

पंक्चर काढलं : नोंद नाही. आईला झोप लागली.

परत बसवलं : चाक पूर्वीइतकं फिरत नाही, पण त्यामुळे सायकल जास्त स्थिर वाटते.

दोन स्क्रू उरले. लोक याला उगाच घाबरतात. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की कंपनीवाले प्रत्येक वस्तूत एकदोन स्क्रू जादा घालतातच, हरवला तर असावा म्हणून. उघडून पुन्हा बसवलं की हे जादाचे आपोआप बाहेर येतात. घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर, सगळ्यांचे आलेत. मी फेकत नाही. गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत ठेवतो. वीस वर्षांचा संग्रह आहे. डबी यादीत घातली. बेचाळीस.

९ फेब्रुवारी, सोमवार

ही हॉस्पिटलला चालत गेली. म्हटलं, व्यायाम होतो. उत्तर दिलं नाही. दम लागला असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं सामान ऑफिसात नेऊन मोठ्या काट्यावर वजन केलं. चौदा किलो तीनशे ग्रॅम. इतक्या अचूक वजनाचा हत्यारांचा संच या शहरात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

तेवढ्यात साहेब आले. काट्यावर पान्यांचा ढीग बघून विचारलं, कुठल्या दुकानातून जप्त केलेत? मी म्हटलं, तपासणी चालू आहे सर. शब्दशः खरं होतं. साहेब खूश. म्हणाले, शाबास, रिपोर्ट द्या आणि माल सील करून कपाटात ठेवा.

आता काय बोलणार? तीन प्रतींत रिपोर्ट लिहिला. तराजूने साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली 'पाहिल्यासारखे वाटते' असं लिहिलं.

हत्यारं सीलबंद. दहा दिवस उरलेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

माल सोडवायला मालकाचा अर्ज लागतो. मी अर्ज केला. तो माझ्याच टेबलावर आला. नियमाप्रमाणे तीन दिवस विचारात ठेवायला हवा होता, पण अर्जदार भला माणूस दिसला. माल निर्दोष आढळला. सील तोडलं.

या गडबडीत एक धडा मिळाला : आपल्या खात्यात काम वेळेवर होत नाही अशी ओरड करणाऱ्यांना खात्याची पद्धत माहीत नसते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.३०

इमारतीखाली सामान लादून चाचणी घेतली.

आई एका बाजूला पाय टाकून बसते. तिचं वजन डावीकडे, म्हणून हत्यारांची पिशवी उजवीकडे. वजनकाट्याचाच नियम. गाडी अशी सरळ उभी राहिली की डोळ्यांत पाणी आलं. मग आई उतरली.

गाडी उजवीकडे वॉचमनच्या खुर्चीवर गेली. खुर्ची रिकामी होती. वॉचमनचं म्हणणं, तो नुकताच उठला होता. पण नुकता उठलेला माणूस म्हणजे उठलेलाच माणूस.

उपाय १ : आईने प्रवासात उतरायचं नाही.

उपाय २ : पिशवीतली अगदी तातडीची हत्यारं (प्लगचा पाना, दहा-अकराचा पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर) काढून वेगळ्या बटव्यात. बटवा हँडलला उजव्या हाताशी, पट्ट्याने गच्च बांधायचा. गाडी बंद पडली की हात लांब करायचा, हत्यार हजर. ही कल्पना मला दाढी करताना सुचली. इतरांना का सुचत नाही कुणास ठाऊक.

आई म्हणाली, मी चालत जाऊ का?

२१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची बांधाबांध. पाने एकमेकांवर आपटून खणखण वाजत होते. मध्ये मऊ काहीतरी हवं.

आईने मावशीसाठी स्वेटर विणलाय. मोरपंखी. भांडण झालं तेव्हा अर्धा झाला होता, तसाच पेटीत पडून होता. गेल्या दोन आठवड्यांत आईने त्याला बाह्या केल्या. तो वेगळ्या पिशवीतून न्यायचा तिचा विचार होता, पण वेगळ्या पिशवीला जागा कुठे आहे? पाने स्वेटरमध्ये गुंडाळले. आवाज बंद, जागाही वाचली. एका दगडात दोन पक्षी. आईला एवढंच सांगितलं की तुझा स्वेटर मी जपून ठेवलाय.

हिला उद्या ड्यूटी आहे. आईच्या पर्समध्ये चार्जर ठेवत होती. विचारलं, तो कशाला? म्हणाली, असू दे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ५.५०

निघतोय. आई म्हणते, पिशवीचा बंद पाठीत रुततो. चालायचंच.

८.०५

पंचेचाळीस किलोमीटर. वेग कमी ठेवलाय. गाडी वळणावर स्वतःच्या मनाने जाते. थांबून सगळे नट तपासले. एकही सैल नाही. थोडी निराशा झाली.

९.०५

गाडी बंद पडली!

एका खड्ड्यातून गेलो आणि इंजिन एकदम गप्प. अठ्ठावन्न किलोमीटर. मागेपुढे गाव नाही. एका हाताने प्लगचा पाना काढतोय, म्हणून अक्षर असं.

९.४०

प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. नवा लावला. त्यालाही नाही. म्हणजे आजार खोलवरचा आहे. साध्या माणसाने इथेच हाय खाल्ली असती.

आई पुलाच्या कठड्यावर बसलीय. म्हणाली, त्या बटव्याच्या पट्ट्याखाली लाल काय आहे रे? म्हटलं, आई, मधेमधे बोलू नकोस, लिंक तुटते.

१०.५०

टाकी उतरवली. कार्ब्युरेटर उघडला. ठिणगीशी त्याचा संबंध नसतो, पण इथपर्यंत आलोच होतो.

११.३५

ताडपत्रीवर अठ्ठ्याहत्तर भाग. कुठला कुठे बसतो याचं चित्र काढून ठेवलं होतं. वाऱ्याने नेलं. चित्रातलं बहुतेक लक्षात आहे.

एक सायकलवाला थांबला. जुनं सामान विकायला बसलात का, म्हणाला. आई म्हणाली, काय हवं ते घेऊन जा. तिला उन्हाचा त्रास होतोय असं दिसतं.

१२.१५

आईने स्वेटर बघितला.

१२.१८

त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

१२.२०

आईने मावशीला फोन केला. मला न विचारता. म्हणाली, ताई, मी रस्त्यात बसलेय. एवढं म्हणून फोन माझ्याकडे सरकवला. मग मीच फोन घेऊन पुलाचा नंबर सांगितला.

सायंकाळी ६. मावशीच्या घरी

मावशीची पिठाची गिरणी आहे. पीठ पोचवायचा टेम्पो ती स्वतः चालवते. पाऊण तासात आली. उतरली, दार लावलं, आणि तिथेच उभी राहिली. आईही कठड्यावरून उठून उभी. मध्ये माझी ताडपत्री.

कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, जरा सांभाळून, पायाखाली स्प्रिंग आहे.

आईने स्वेटर पुढे केला. मोरपंखी, आणि त्यावर ग्रीसचे काळे पट्टे. एक चोवीस नंबरच्या पान्याचा तर अगदी छापल्यासारखा. मावशीने उलटून पालटून बघितला. म्हणाली, डिझाइन आहे का? आई म्हणाली, पोराने केलंय. मावशीने तो तिथल्या तिथे, टळटळीत दुपारी, अंगात घातला. बाह्या बोटभर लांब झाल्या होत्या. आई म्हणाली, बारीक झालीस गं. मावशी म्हणाली, तू कुठे जाड राहिलीस?

मग मावशी हात मागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारून आली. कशालाही हात लावला नाही. हँडलपाशी थांबली, बटव्याचा पट्टा दोन बोटांनी वर उचलला आणि मला म्हणाली, हे बंद करून का ठेवलंयस?

लाल बटण. इंजिन बंद करायचं. बारा वर्षांत मी ते कधी वापरलेलं नाही, त्यामुळे ते तिथे असायचं काही कारणच नव्हतं. खड्ड्यात बटवा हिसकला आणि त्याच्या पट्ट्याने बटण दाबलं गेलं. ते बंद असेपर्यंत प्लग कितीही बदला, ठिणगी पडत नाही. मावशी म्हणाली, माझ्या गिरणीला आहे असं, पट्ट्यात काही अडकलं की दाबायचं. आई म्हणाली, मी साडेनऊलाच विचारलं होतं.

मी समजावून सांगितलं की हा कंपनीचा दोष आहे. एवढं महत्त्वाचं बटण बटवा बांधायच्या जागी देतात का?

दोघींच्या समोर गाडी जोडायला बसलो. अर्ध्या तासात बरीचशी गाडीसारखी दिसायला लागली. चार स्क्रू उरले. आईने विचारलं, हे कुठले? मी म्हटलं, हे जादाचे. मग मावशीलाही कळावं म्हणून सगळी पद्धत सांगितली, डबी उघडून दाखवली. हा पंख्याचा, हा इस्त्रीचा, हा मिक्सरचा.

दोघी डबीत बघत राहिल्या.

मग आई अगदी हळू आवाजात म्हणाली, शिवणयंत्र ताईकडे पाठवायच्या आधी तू त्याला तेल घातलं होतंस ना रे?

मी म्हटलं, नुसतं तेल? पूर्ण सर्व्हिसिंग केलं होतं.

उघडून?

आता न उघडता सर्व्हिसिंग कसं करणार?

आईने मावशीकडे बघितलं, मावशीने आईकडे, आणि मग दोघींनी माझ्याकडे. त्या दोघी इतक्या सारख्या दिसतात हे मला आजवर माहीत नव्हतं. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आता ओरडतील म्हणून वाट बघत होतो, पण आई कठड्यावर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय कळेना. मावशी तिच्या पाठीवर थोपटत होती आणि तिचंही तेच चाललं होतं. नऊ वर्षं गं, असं एकजण म्हणायची, आणि पुन्हा सुरू.

मी मध्येच विचारलं की ग्रीसचा डबा कुणी पाहिला का. त्यावर त्या अजूनच सुटल्या.

गाडी टेम्पोत चढवली. सुटे भाग पिठाच्या रिकाम्या पोत्यात. दोघी पुढे, मी मागे पोत्याशेजारी. पुढून सारखं हसणं ऐकू येत होतं. काय ते कळलं नाही, पण माझं लहानपणीचं नाव दोनदा ऐकू आलं.

इथे आल्यावर मावशीने कोपऱ्यातल्या कपड्याखालून शिवणयंत्र काढलं. नऊ वर्षं तिने कुठल्याच कारागिराला त्याला हात लावू दिला नव्हता; ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त करायचं, हा हट्ट. डबी मांडीवर घेऊन चष्मा लावून बसली. सहा स्क्रू लावून बघितले. सातवा बसला. आईने सुईत दोरा ओवला, चाक फिरवलं, आणि यंत्र चालू झालं. दोघींपैकी कुणी ते थांबवेना. कापड संपलं तरी टाके चालूच.

मुद्दा एवढाच की तो स्क्रू माझ्यापाशी होता. याला म्हणतात तयारी. दुसऱ्या कुणी केव्हाच फेकून दिला असता. हे मी जेवताना दोनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मावशीने घास भरवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल मावशीच्या टेम्पोतून परत. आई सोबत आली, पण राहायला नाही, फिरायला म्हणून. मला, गाडीला आणि पोत्याला गॅरेजसमोर उतरवलं आणि दोघी तशाच मागे वळल्या. घरी वरपर्यंतही आल्या नाहीत. म्हणे ब्लाउज शिवायचेत.

गॅरेजवाल्याने पोत्यात हात घातला. बाहेर काढला तो कोपरापर्यंत पांढरा. म्हणाला, साहेब, पीठ कशाला घातलंत? सांगितलं, घातलेलं नाही, होतं. त्याने सगळं धुतलं, पुसलं, सव्वा तासात जोडलं. किक मारली, सुरू.

विचारलं, बिघाड काय होता? म्हणाला, उघडायच्या आधी काहीच नव्हता.

म्हणजे माझं निदान जवळजवळ बरोबर होतं. आतलं काही बिघडलेलं नाही, असा मला पहिल्यापासून संशय होता.

त्याचा नंबर घेतला. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हिने सायकल गॅरेजवाल्याकडे दिली. मला सांगितलं नाही. मी तिला सायकलवरून जाताना बघितलं. चाक चांगलं फिरतंय. जरा जास्तच.

साहेबांनी विचारलं, त्या जप्त पान्यांच्या केसचं पुढे काय झालं? म्हटलं, तडजोड झाली सर. तराजू म्हणाला, झाली असंही म्हणता येईल.

१ मार्च, रविवार

आईचा फोन. आवाज दहा वर्षांनी लहान झालाय. गिरणीवर बसते म्हणे. दळण घ्यायला येणाऱ्या बायकांशी ओळखी झाल्यात. उशांचे अभ्रे शिवून झाले, आता पडदे. इतक्यात येत नाही म्हणाली. महिनाभर तरी नाही.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी घ्यायला येतो. म्हणाली, घ्यायला नको येऊस, माझे कपडे आणि चष्म्याची दुसरी जोडी घेऊन ये. म्हटलं, गाडी आता एकदम फिट आहे. पलीकडे कुजबुज झाली. मग फोन मावशीने घेतला. म्हणाली, हे बघ बाळा, बसने ये. आणि हत्यारं आणू नकोस. एकही नको.

हिने हे ऐकलं नसावं. स्वयंपाकघरात एकटीच हसत होती, दुसरं काही आठवलं असेल.

७ मार्च, शनिवार

आईचे कपडे, चष्मा आणि रिकामे डबे असं सगळं बॅगेत भरलं. हत्यारं नाहीत. शब्द दिलाय.

फक्त दहा-अकराचा पाना शर्टाच्या खिशात. एका पान्याला हत्यारं म्हणत नाहीत. अनेकवचन आहे ते.

८ मार्च, रविवार. सकाळी ९.५०. बसमध्ये

खिडकीची जागा मिळाली. बस जुनी आहे. इंजिनाचा आवाज मला पहिल्यापासून पटलेला नव्हता. शेजारी एक आजोबा, त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मला ऐकू येत नाही.

१०.२०

जे वाटलं होतं तेच. रस्त्याच्या कडेला बस थांबली. इंजिन बंद. ड्रायव्हर काही न बोलता खाली उतरून गेला. लोक खिडक्यांतून बघतायत. कुणालाच काही सुचत नाहीये. चाळीस माणसं, आणि हत्यार एकाच्याच खिशात.

उठतोय.

१०.३५

उभा राहून सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका, बसून राहा, माझ्याकडे पाना आहे. एका बाईंनी मुलाला जवळ ओढलं.

खाली उतरून ड्रायव्हरला शोधलं. पलीकडच्या टपरीत बाकावर बसला होता. मी पाना दाखवून विचारलं, कुठे बिघडलंय? त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, साहेब, चहाला थांबलोय. दहा मिनिटं. तुम्हीही घ्या.

बसमधून सगळे बघत होते. उतरलोच होतो तर तसं परत जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून मागच्या टायरला, हवा बघतात तशी, एक जोरात लाथ मारली.

हवा भरपूर आहे. अंगठा सुजलाय.